हवेतली मुळे कापू नका. मृग लागताच पाणी मात्र आवरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळवाचे पाऊस होऊन गेले, मृग तोंडावर आला. एकदा झड लागली की बेळगाव-खानापूरकडे वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस ओलाच राहतो. घरातल्या ऑर्किडची मुळे सर्वांत जास्त कुजतात ती याच दिवसांत. एप्रिल-मेमध्ये रोज फवारायची सवय हाताला लागलेली असते, ती जुलैतही सुटत नाही आणि झाड हातचे जाते. म्हणून हे पत्र पाऊस सुरू होण्याआधी पाठवत आहोत.

वास्तुशांत असो, वाढदिवस असो की सेवानिवृत्तीचा समारंभ, हल्ली गुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी देण्याची पद्धत रुळली आहे. बहुतेक वेळा ती फॅलेनॉप्सिसची असते: जाड, रुंद, दोन बाजूंना पसरणारी पाने आणि लांब दांड्यावर फुलपाखरासारखी फुले. फुले दोन-तीन महिने टिकतात. ती गळून गेली की लक्ष जाते ते कुंडीबाहेर वेडीवाकडी लोंबणाऱ्या राखाडी मुळांकडे. कोणी ती कात्रीने साफ छाटतात, कोणी वाकवून कुंडीत कोंबतात आणि वरून माती दाबतात. छाटली तर झाडाचे तोंडच गेले. कोंबली तर महिन्याभरात आत कुजतात. माती तर या कुंडीत चिमूटभरही नको.

फॅलेनॉप्सिसचे मूळ ठिकाण आग्नेय आशियातली दमट जंगले. तिथे ते झाडाच्या फांदीवर वाढते. पाऊस आला की मुळे काही मिनिटांत भिजतात, वारा सुटला की काही तासांत कोरडी होतात. मुळाची घडणही त्याच बेताची आहे. मधोमध दोऱ्यासारखा चिवट धागा, त्याभोवती हिरवा गर आणि सर्वांत बाहेर मृत, पोकळ पेशींचा स्पंजासारखा थर. या थराला व्हेलामेन म्हणतात. कोरडा असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ चंदेरी दिसते. पाणी भरले की थर पारदर्शक होतो आणि आतला हिरवा गर दिसू लागतो. तो हिरवा रंग पानातल्या हरितद्रव्याचाच. म्हणजे हवेतले मूळ पाणी पिते आणि थोडे अन्नही तयार करते.

सकाळच्या उजेडात कुंडी खिडकीशी घ्या आणि एका कोरड्या मुळावर चमचाभर पाणी हळूच सोडा. टिपकागदावर शाई पसरावी तसा हिरवा डाग पसरत जातो. पूर्ण भिजलेल्या मुळावरही काही बारीक पांढरे ठिपके किंवा रेघा कोरड्या राहतात. बुरशी समजून ते पुसू नका, मूळ तिथून श्वास घेते. आता टोक पाहा. शेवटचे एक-दोन सेंटिमीटर तुळतुळीत हिरवे किंवा लालसर जांभळे असते. तिथे व्हेलामेन अजून पिकलेले नसते, त्यामुळे अख्ख्या झाडात इतका नाजूक भाग दुसरा नाही. टोक बोटाने चेपले, तापलेल्या ग्रिलला टेकले किंवा त्यावर खारट पाण्याचा थेंब सुकला की ते काळे पडते आणि त्या मुळाची लांबी तिथेच थांबते. अशा मुळाला पुष्कळदा मागून फाटा फुटतो, म्हणून टोक गेले तरी बाकीचे मूळ कापायचे कारण नाही. टोकापर्यंत सगळे चंदेरी झाले असेल तर मूळ विश्रांती घेत आहे, एवढेच.

हवेतल्या मुळांच्या पाण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो: मूळ पूर्ण भिजले पाहिजे आणि त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत पूर्ण सुकले पाहिजे. नुसते धुके मारून काही होत नाही. मूळ सगळ्या बाजूंनी हिरवे होईपर्यंत पाणी मारा, पाच मिनिटे थांबा, पुन्हा मारा. पहिल्या वेळी थर ओला होतो, दुसऱ्या वेळी भरतो. काम सकाळी दहाच्या आत उरका. चांगल्या हवेत तीन-चार तासांत मुळे परत चंदेरी होतात. संध्याकाळीही ती हिरवीच असतील तर तिथे वारा खेळत नाही, झाडाची जागा बदला किंवा लहान टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून मंद लावा. फॅनचा झोत थेट झाडावर नको.

हे सगळे ऋतूप्रमाणे आणि तालुक्याप्रमाणे बदलते, आणि चुका इथेच होतात. इंटरनेटवर वाचलेले ‘आठवड्यातून एकदा’ हे पावसाळी कणकुंबीलाही लागू नाही आणि कोरड्या अथणीलाही नाही. मार्च ते मे बेळगाव शहरात रोज सकाळी एकदा पुरते. अथणी, रायबाग, गोकाककडच्या कोरड्या हवेत दोनदा लागते, पण दुसरी फवारणी दुपारी चारच्या आत. पाऊस लागला की खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात हवेतल्या मुळांवरची फवारणी सरळ बंद करा. तिथली हवाच त्यांना पुरते. कुंडीतले साहित्य सुकले तर आठ-दहा दिवसांनी पाणी द्या. बेळगाव शहरात मुळे चंदेरी होऊन पूर्ण एक दिवस गेला की मगच पाणी. झडीत हे साधारण चार-पाच दिवसांनी येते. निपाणी, चिकोडीकडे दोन-तीन दिवसांआड आणि अथणीकडे उघडीप मोठी असेल तर दिवसाआड. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळीकडे दिवसाआड चालते. डिसेंबर-जानेवारीत तीन दिवसांनी एकदा, आणि तेव्हा गच्चीवरच्या टाकीचे हाताला गार लागणारे पाणी नको. रात्री घरात भरून ठेवलेले वापरा. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, थंडीतल्या रात्री गार असतात. मुळांची वाढ तेव्हा मंदावते, पण त्याच गारव्याने फुलाचा दांडा निघतो. पानाच्या बगलेतून नवे काही डोकावले तर निरखून पाहा: टोक गोल गुळगुळीत असेल तर मूळ, बाजूने चपटे आणि चोचीसारखे असेल तर दांडा.

खड्यांचा ट्रे, म्हणजे ताटात खडे, त्यात पाणी आणि वर कुंडी, हा उपाय सगळे सांगतात. त्याने आर्द्रता फार वाढत नाही असे आमचे मत आहे. त्यापेक्षा चार-पाच झाडे जवळजवळ ठेवा, फरक जास्त पडतो. कोरड्या तालुक्यांत मे महिन्यात उघड्या मुळाभोवती, बुंध्यापाशी, ओल्या मॉसची, म्हणजे शेवाळाची, बोटभर रुंद पट्टी सैल गुंडाळावी. टोक मोकळे ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की ही पट्टी न विसरता काढा.

आता पाण्याचा दर्जा. आमच्या पाहण्यात मुळांची टोके जळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. अनेक घरांत आरओ मशीनचे बाजूला पडणारे पाणी ‘वाया नको’ म्हणून झाडांना घालतात. हेतू चांगला, पण मशीनने गाळून वेगळे काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशी पुसायला वापरा, ऑर्किडला नको. बोअरच्या पाण्याची हीच गत, विशेषतः पूर्वेकडच्या तालुक्यांत. मुळावर, कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी दिसली की क्षार साचले. पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या साध्या टीडीएस मीटरवर आकडा दीडशेच्या आत असेल तर उत्तम; तीनशेपर्यंत निभावते, पण दर पंधरा दिवसांनी कुंडी धुवावी लागते; पाचशेच्या पुढचे पाणी देऊच नये. बेळगाव शहरात राकसकोप, हिडकलहून येणारे नळाचे पाणी बोअरपेक्षा बरे. बादलीत रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीनही बराच उडून जातो.

पावसाच्या पाण्याला मात्र तोड नाही, आणि आपल्याकडे त्याला काय तोटा! पहिले दोन-तीन मोठे पाऊस पन्हळीतून वाहून जाऊ द्या, कौलांवरची धूळ, विष्ठा, पाला निघून जाईल. मग ड्रम लावा. चार कुंड्यांना फवारणी धरून आठवड्याला पाच लिटर पाणी लागले तरी दोनशे लिटरचा ड्रम चाळीस आठवडे पुरतो, म्हणजे पुढचा मे जवळपास निघतो. ड्रम सावलीत ठेवा आणि तोंडाला दुहेरी सुती कापड घट्ट बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल.

खत कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले) चालते. प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम. पाकिटावर पिकांसाठी छापलेले प्रमाण ऑर्किडला झेपत नाही. घरच्या काट्यावर अर्धा ग्रॅम मोजता येत नाही, म्हणून एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम विरघळवा, त्यातले १०० मिली घ्या आणि त्यात ९०० मिली साधे पाणी घाला. उरलेले द्रावण आठवड्याच्या वर ठेवू नका. खत कधीही कोरड्या मुळांवर जाऊ नये. कोरडे व्हेलामेन पहिला थेंब सर्वांत अधाशीपणे ओढते, तो खताचा असेल तर टोक करपते. आधी साध्या पाण्याने मुळे हिरवी करून घ्या, दहा मिनिटांनी खत द्या. तीन आठवडे खत आणि चौथ्या आठवड्यात कुंडीच्या तिप्पट-चौपट साधे पाणी वरून ओतून सगळे धुऊन काढा. झडीच्या दिवसांत उजेड कमी, म्हणून खतही निम्मे. जे वर्षभर पावसाचे किंवा आरओचे शुद्ध पाणी देतात त्यांनी महिन्यातून एकदा लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट वेगळे द्यावे. ते १९:१९:१९ मध्ये मिसळू नये, फॉस्फेटशी संयोग होऊन साका तळाला बसतो.

तांदळाचे धुवण, गूळपाणी, जीवामृत हे शेतात, परसात कामाचे आहे, कारण तिथे जिवंत माती असते. ऑर्किडच्या मुळावर पिष्ट आणि साखर त्या पोकळ पेशींत जाऊन बसते आणि त्यावर बुरशी, चिलटे येतात. एवढा एक मोह आवरावा.

पावसाळ्यात नवी मुळे फुटतात, उबेला आणि दमटपणाला ती भुकेली असतात. त्याच वेळी रात्री गोगलगायी आणि झुरळे बाहेर पडतात आणि त्यांना नेमकी हीच कोवळी टोके आवडतात. सकाळी टोक कुरतडल्यासारखे, खणल्यासारखे दिसले तर रात्री नऊ-दहाला विजेरी घेऊन कुंडीच्या तळाची भोके आणि बशी तपासा. गोगलगायींसाठी कुंडीशेजारी कोबीचे पान किंवा बटाट्याची चकती रात्री ठेवा, पहाटे त्यावर जमलेल्या उचलून टाका. मीठ कुंडीजवळ आणूच नका, गोगलगाय मरेल आणि मूळही. पिठ्या ढेकूण मुळाच्या बेचक्यात, पानाच्या बगलेत दडतो. मेडिकलमध्ये मिळणारे ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून एकेक टिपा, कोवळ्या टोकाला लागू देऊ नका, आणि आठवड्याने परत पाहा, कारण अंडी शिल्लक असतात. द्राक्षबागायतदारांच्या घरी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक, हाताशी असते. ते ऑर्किडच्या मुळांवर मारू नये, तांब्याने कोवळी टोके करपतात. पानांच्या मधोमध, शेंड्यात पाणी साचले तर टिश्यू कागदाने लगेच टिपून घ्या. शेंडा एका रात्रीत काळा पडू शकतो आणि मग मुळे कितीही चांगली असली तरी झाडाची वाढ खुंटते.

कोणते मूळ जगले, कोणते मेले, हे डोळ्यांनी ठरवू नका. पंधरा मिनिटे पाण्यात भिजवा. हिरवे आणि टणक झाले तर जिवंत. तपकिरी, लिबलिबीत, दाबले की साल निघून आतला धागा हातात येतो, ते मेले. वाळून कागदासारखे झालेले आणि भिजूनही पांढरेच राहणारे तेही मेले. कुंडीतली पिवळट मुळे मात्र फक्त उजेड न मिळाल्याने तशी दिसतात. टणक असतील तर हात लावू नका. मेलेले मूळ कापताना ब्लेड ज्योतीवर धरा आणि दुसऱ्या झाडाकडे जाण्याआधी परत धरा. तंबाखूवर मोझॅक आणणाऱ्या विषाणूच्याच कुळातला एक विषाणू ऑर्किडला लागतो आणि ब्लेडवरच्या रसातून या झाडाचा त्या झाडाला जातो. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांना मोझॅक काय करतो हे वेगळे सांगायला नको, आणि विषाणूवर औषध नाही हेही. कापलेल्या टोकाला किंचित दालचिनीची पूड लावा, पण फक्त कापावर. मुळावर पसरली तर ती मूळ सुकवते. त्यानंतर एक दिवस पाणी नको.

कुंडी बदलायची ती फुले संपल्यावर, साधारण दोन वर्षांनी. भेट आलेले झाड मात्र फुले उतरताच तपासा. बहुतेकांच्या बुडात मॉसचा घट्ट गोळा असतो, कधी जाळीच्या टोपीसकट. बाहेरचे साहित्य कोरडे दिसते आणि मधला गोळा महिनाभर ओला राहतो, तिथूनच कूज सुरू होते. झाड वीस मिनिटे भिजवून मुळे लवचिक करून घ्या, गोळा चिमट्याने थोडाथोडा काढा. नव्या पारदर्शक, भरपूर भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत तीन भाग पाइनची साल, एक ते दोन सेंटिमीटरची, आणि एक भाग लाकडी कोळशाचे तुकडे. अथणी-रायबागकडे यात एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे घालावेत, आधी चोवीस तास भिजवून, दोनदा पाणी बदलून. खानापूरकडे सोडण नको, कोळसा वाढवा. सर्वांत खालचे पान साहित्याला टेकेल इतक्याच खोलीवर झाड बसवा. भिजून मऊ झालेले खालचे एखादे मूळ आपणहून आत वळत असेल तर वळू द्या, बाकीची हवेतच राहू द्या. हवेत वाढलेल्या मुळाला कुंडीतला ओलावा सहसा मानवत नाही.

कुंडीतली सगळी मुळे गेली आणि हवेतली दोन-तीनच उरली, तरी झाड फेकू नका. तीच त्याला तारतात. ग्लासात तळाशी दोन सेंटिमीटर पाणी, वर झाड असे अडकवा की मुळे पाण्याला टेकणार नाहीत, बुंध्याला पिळून काढलेल्या मॉसची पातळ कड आणि पूर्वेच्या खिडकीत, थेट उन्हापासून दूर. दीड-दोन महिन्यांत नवी टोके दिसू शकतात. खिडकीचा कठडा काळ्या ग्रॅनाइटचा असेल तर कुंडीखाली लाकडी फळी घाला; मे महिन्यात तो दगड इतका तापतो की टेकलेले मूळ करपते.

नर्सरीवाल्यांना आमची एक विनंती आहे. सेलोफेन आणि भोक नसलेली शोभेची कुंडी झाड विकताना ग्राहकासमोर काढून दाखवावी आणि ‘बाहेरची मुळे कापू नका, कुंडीत माती घालू नका’ एवढी दोन वाक्ये मराठी आणि कन्नडमध्ये लिहून चिठ्ठी बांधावी. खर्च काहीच नाही, आणि झाड जगले तर ग्राहक दुसरे न्यायला परत येतो.

शेवटी आपल्या रानातल्या आमरीबद्दल, म्हणजे रानटी ऑर्किडबद्दल. खानापूरच्या जंगलात आंबा, फणस, जांभळावर सीतेची वेणी याच दिवसांत फुलते. ती ओरबाडून आणून विकायला ठेवलेली दिसते. तशी घेऊ नका. सालीला चिकटलेली मुळे उपटताना सगळी टोके तुटतात आणि घरात असे झाड सहसा जगत नाही. भीमगड अभयारण्यातून तर काहीही उचलणे गुन्हा आहे. आपल्या शेतात, बांधावर वाऱ्याने फांदी मोडून सीतेची वेणी खाली आली असेल, तर ती घरी नेण्याऐवजी जवळच्याच खडबडीत सालीच्या झाडाला पुरुषभर उंचीवर सुती कापडाच्या पट्टीने बांधा. पाने खाली झुकती, मुळे सालीला टेकलेली, वर फांद्यांची विरळ सावली. पट्टीखाली मॉस किंवा माती भरू नका. मृगात बांधलेली वेणी दसऱ्यापर्यंत नवी मुळे सालीत रुतवते. मुळांनी साल घट्ट धरली, की पट्टी सोडून घ्या.

आपले,
घरी ऑर्किड वाढवणारे काही वाचक,
टिळकवाडी व शहापूर, बेळगाव